हातातलं काम काढून न घेणारे बाबा

रेघ:

बाबांचा विषय निघाला की घरातले सगळे त्यांच्या शांत स्वभावाबद्दल बोलतात. शांत होतेच ते. पण मला त्यांची आठवण येते ती वेगळ्या कारणाने, आणि ते कुठेतरी नीट लिहून ठेवावं असं फार दिवस मनात आहे. म्हणून हा धागा.

बाबा हिशेबाच्या नोकरीत होते. दिवसभर आकडे. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले की खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचे आणि कुणाचा ना कुणाचा बंद पडलेला रेडिओ उघडायचे. ही विद्या त्यांनी पुस्तकं वाचून आणि हाताने करून मिळवलेली. दुरुस्तीचे पैसे त्यांनी कुणाकडून घेतले नाहीत. "हा आता टाकून द्या" असं ते कुणाला म्हणाल्याचंही मला आठवत नाही. फार तर "राहू दे थोडे दिवस माझ्याकडे" म्हणायचे, आणि तो रेडिओ खरोखरच राहायचा, कधीकधी वर्षभर.

मी शाळकरी वयातच त्या टेबलाला चिकटले. पहिलं काम मिळालं ते रंग वाचायचं. रेझिस्टर म्हणजे वीज अडवणारा छोटासा भाग, त्यावर रंगीत पट्टे असतात. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. पिवळा-जांभळा-लाल दिसलं की चार, सात आणि पुढे दोन शून्यं, म्हणजे ४७०० ओहम. बाबा मिसळलेला ढीग माझ्यासमोर ओतायचे आणि मी ते वेगळे करायचे. माझं वाचन चुकलं तर ते "चूक" म्हणायचे नाहीत. मीटर माझ्याकडे सरकवायचे. काटा काय ते सांगायचा, आणि मी गुपचूप तो रेझिस्टर उचलून दुसऱ्या गटात ठेवायचे.

मग सोल्डरिंग. हे जरा सविस्तर लिहिते, कारण बाबा मला सगळ्यात स्पष्ट इथेच दिसतात.

जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असायचे, ओसी ७१, ओसी ७२ वगैरे. उष्णतेला फार नाजूक. सोल्डरिंग आयर्न जरा जास्त वेळ टेकलं की उष्णता तारेवाटे आत जाते आणि ट्रान्झिस्टर कामातून जातो. त्यावर उपाय असा, की जिथे सोल्डर करायचं ती जागा आणि ट्रान्झिस्टर यांच्या मधे ती तार निमुळत्या पकडीने धरून ठेवायची. उष्णता पकडीत जिरते, ट्रान्झिस्टर वाचतो. तर बाबा पकड धरायचे आणि आयर्न माझ्या हातात असायचं. सोल्डर वितळायला साधारण १८३ अंश लागतात आणि आयर्नचं टोक त्याहून कितीतरी तापलेलं. माझा हात नवखा, टोक इकडे तिकडे व्हायचं. त्यांची बोटं तिथून पेराभर अंतरावर. त्यांनी हात मागे घेतला नाही. "सांभाळून" सुद्धा म्हणायचे नाहीत. एकच वाक्य असायचं, "सांध्याला तापव, सोल्डरला नको." सोल्डर सांध्यावर चकचकीत पसरलं की मान हलवायचे. गोळा होऊन मंद राखाडी दिसलं तर पकड तशीच धरून थांबायचे. म्हणजे सांधा कच्चा आहे, परत तापव. तेवढं मला कळायचं.

एकदा घरी आलेल्या पाहुण्यांनी हे बघितलं. म्हणाले, "अहो, पोरीच्या हातात तापलेलं काय देता? तुम्हीच करा की, दोन मिनिटांचं काम." बाबा वर न बघता म्हणाले, "तिचं चाललंय ना." आणि आम्ही पुढे सुरू.

रेडिओतला दोष शोधायचा तर आवाजाकडून मागे मागे जायचं, ही त्यांची पद्धत. आधी स्पीकर बघायचा. मग व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा. स्पीकरमधून घर्र आवाज आला तर तिथून पुढचं सगळं ठीक, दोष मागच्या भागात. एवढ्याशा टेकवण्याने अर्धा रेडिओ संशयातून मोकळा व्हायचा. (हे बॅटरीवरच्या रेडिओत. विजेवरच्या सेटला त्यांनी मला फार उशिरा हात लावू दिला, आणि तोही एक हात खिशात ठेवायला लावून.) मी शोधत असायचे तेव्हा ते हाताची घडी घालून बसायचे. दोष कुठे आहे हे त्यांना बहुधा रेडिओ उघडल्या उघडल्याच कळलेलं असायचं, असं आता वाटतं. पण चेहऱ्यावरून मला कधी पत्ता लागला नाही.

आणि रात्र. दिवसा मध्यम लहरींवर जवळची दोनचार स्टेशनं लागतात. अंधार पडला की कुठली कुठली दूरची स्टेशनं यायला लागतात, न कळणाऱ्या भाषांत. दिवसा वातावरणात वर जो आयनांचा सगळ्यात खालचा थर असतो तो या लहरी शोषून घेतो, सूर्य मावळला की तो थर विरतो, मग लहरी आणखी वरच्या थरावरून परतून लांब लांब पोचतात. हे बाबांनी मला दिवे घालवून, रेडिओ मांडीवर घेऊन सांगितलं होतं. आतली लहरी पकडणारी फेराइटची कांडी दिशा ओळखते. तिचं टोक स्टेशनच्या रोखाने आलं की आवाज बसतो, म्हणजे अगदी कमी होतो. आम्ही रेडिओ हळूहळू गोल फिरवायचो, आवाज बसला की थांबायचो. "त्या रेषेत कुठेतरी बोलतोय तो," बाबा म्हणायचे. मग नकाशा काढायचा आणि त्या रेषेत कोणकोणते देश येतात ते बघायचं. रेषा दोन्ही बाजूंना जाते, त्यामुळे उत्तर कधीच एक यायचं नाही, आणि त्याचा त्यांना आनंदच व्हायचा.

शेवटच्या वर्षांत त्यांना पार्किन्सन झाला. उजवा हात मांडीवर ठेवला की थरथरायचा. पाणी आणून देणारे, बटणं लावून देणारे, हात धरून उठवणारे आम्ही सगळे होतो आणि त्यांना ते आवडत नव्हतं हे दिसायचं. मग मी एक उघडलेला रेडिओ त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि थरथर बरीच कमी झाली. मी थक्क होऊन बघत राहिले. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की या आजारातला कंप हात स्वस्थ असताना जास्त असतो, हात कामाला लागला की बऱ्याचदा कमी होतो. हालचाली मात्र फार मंद झाल्या होत्या. एक स्क्रू काढायला किती वेळ लागायचा! मी शेजारी बसायचे आणि त्यांच्या हातातलं काही घ्यायचे नाही.

तुमच्या वडिलांबद्दल लिहा ना. मोठं काही नको. त्यांचे हात तुम्हाला कशात दिसतात, तेवढं.

पारंबी:

सुरेख लिहिलंय. पकडीचा भाग दोनदा वाचला.

आमचे अप्पा बुद्धिबळ खेळायचे. मला शिकवलं तेव्हा सुरुवातीला स्वतःचा वजीर पटावरून उतरवून ठेवायचे. मी जिंकायला लागलो की पुढच्या खेपेपासून वजीर परत यायचा आणि एक हत्ती उतरायचा. मग हत्ती परत, घोडा बाहेर. मग घोडाही परत, फक्त एक प्यादं कमी. मुद्दाम हरणं हा प्रकार अप्पांकडे नव्हता. जे काय कमी करायचं ते डाव सुरू होण्याआधी, माझ्यादेखत. एकदा डाव सुरू झाला की सगळं जीव तोडून. त्यामुळे मी जेव्हा जिंकायचो ते खरोखर जिंकलेलं असायचं आणि ते आम्हा दोघांनाही माहीत असायचं.

शेवटी सगळी सोंगट्या-प्यादी पूर्ण ठेवून खेळायला लागलो त्या दिवशी अप्पांनी पट मांडताना काहीच उतरवलं नाही. मी वाट बघत होतो. म्हणाले, "खेळ, तुझी चाल." मला तेव्हा जे वाटलं ते नंतर कुठलंही बक्षीस घेताना वाटलं नाही. तो डाव मी सपाटून हरलो, हे वेगळं.

उंबरठा:

मला थोडं वेगळं सांगायचंय. तुमच्या बाबांइतका संयम माझ्या भाऊंकडे नव्हता. (आम्ही वडिलांना भाऊ म्हणायचो.) भाऊ शिवणकाम करायचे, तोच धंदा. मला मशीनवर बसवायचे खरं, पण टीप वाकडी गेली की लगेच "उठ" म्हणायचे. आणि सगळं उसवून परत माझ्याच हातात द्यायचे. उसवण्याचा तो कर्र आवाज मला अजून ऐकू येतो. रडले आहे मी त्या मशीनवर.

तरीही प्रेमळ म्हटलं की मला तेच आठवतात. एक उदाहरण देते. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची वेटोळी यायला लागली की सगळे बॉबिनला दोष देतात, खालच्या बाजूला दिसतंय म्हणून. खरं तर बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो किंवा त्याचा ताण सैल असतो. हे मला भाऊंनी इतकं रागावून शिकवलं की जन्मात विसरणार नाही. पण मी परीक्षेचा अभ्यास करत रात्री जागायचे तेव्हा हाच माणूस मशीन थांबवून हाताने शिवत बसायचा, खडखड नको म्हणून. दुसऱ्या दिवशी द्यायचे कपडे असायचे, तरीही. हे मला आईने फार नंतर सांगितलं. भाऊंनी कधी सांगितलं नाही.

तेव्हा काम हातातून काढून घेणारे वडीलही असतात, आणि तेही आपलेच असतात.

रेघ:

@उंबरठा, अगदी. हाताने शिवत बसण्याचं वाचून गलबलून आलं. आणि एक बघा, भाऊंनी उसवलं, पण परत तुमच्याच हातात दिलं. स्वतः शिवून मोकळे झाले असते तर त्यांचा वेळ वाचला असता. धंदा करणाऱ्या माणसासाठी तो वेळ म्हणजे पैसा. माझ्या बाबांना तसली घाई नव्हती, त्यांचा तो छंद होता. तेव्हा संयमाच्या बाबतीत बाबांना भाऊंच्या पुढे ठेवायला मी तयार नाही.

उंबरठा:

हे असं कधी बघितलं नव्हतं. खरंच, परत माझ्याच हातात द्यायचे. आज दिवसभर हेच डोक्यात राहणार.

चकोर:

आमच्या अण्णांनी आकाश दाखवलं. दुर्बीण वगैरे नाही, नुसत्या डोळ्यांनी. मृगाच्या पोटातले तीन तारे एका रेषेत, ती रेषा एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी. एवढं आलं की हिवाळ्यात आकाशात हरवायची भीती नाही, असं म्हणायचे.

१९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा त्यांनी मला पहाटे उठवून नेलं होतं. त्या खेपेला तो पृथ्वीपासून बराच लांबून गेला, त्यामुळे फारसा तेजस्वी दिसलाच नाही. मला एक धुरकट ठिपका दिसला आणि मी हिरमुसलो. अण्णा म्हणाले, "नीट बघून ठेव. हा परत २०६१ मध्ये येतो. तेव्हा तुला ओळखता आला पाहिजे." मी येणार नाही, असं ते म्हणाले नाहीत. तू मात्र असशील हे त्यांनी अगदी धरूनच चाललं होतं. तेव्हा मी पंच्याहत्तरी पार केलेला असेन. तब्येत सांभाळायला आणखी कारण लागत नाही मला.

सहजच:

माझे बाबा आहेत, सुदैवाने. हल्ली फोनवर संदेश लिहायला शिकतायत. एक अक्षर शोधायला मिनिट जातं. फोन त्यांच्याच हातात असू दे, मी नुसता शेजारी बसतो. आज त्यांनी मला पहिला संदेश पाठवला. त्यात माझं नाव होतं आणि पुढे पूर्णविराम.

अनवट:

धागा वाचत होतो आणि माळ्यावर ठेवलेला नानांचा रेडिओ आठवला. लाकडी पेटी, व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी आत काचेच्या नळ्या असलेला. नाना गेल्यापासून कुणी लावलेला नाही. काल खाली काढला. मागचं पुठ्ठ्याचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला पेन्सिलीने त्यांच्या अक्षरात स्टेशनांची यादी आहे, कुठलं स्टेशन डायलवर कुठे लागतं त्याची. आईला दाखवली. ती बराच वेळ ते झाकण हातात घेऊन बसली होती.

हा परत सुरू होईल का? वायर लावून बघू का? मला सोल्डरिंग जमतं, पण व्हॉल्व्हचं काही कळत नाही. रेघताई, मार्गदर्शन कराल?

रेघ:

@अनवट, सगळ्यात आधी, प्लग लावू नका. अजिबात नको. इतकी वर्षं पडून असलेल्या सेटला एकदम वीज दिली की बऱ्याचदा चांगले भागही जळतात. सुरू होण्याची शक्यता चांगली आहे, पण क्रमाने जाऊ या.

व्हॉल्व्हच्या सेटमध्ये आत २०० व्होल्टच्या वर डीसी असतो, आणि मोठे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, प्लग काढल्यानंतरही तो धरून ठेवू शकतात. त्यामुळे पुढे कधीही काम करताना प्लग काढा, ते कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे करा, मीटरने खात्री करा आणि मगच हात घाला.

आता मुख्य संशयित दोन. एक, हेच मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. आतलं द्रव्य वाळतं, मग सेट घों घों करतो. शॉर्ट झालेले असतील तर रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जातात. दुसरा लहान आहे पण घातक. शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे त्यातला करंट कमीजास्त करणाऱ्या जाळीला, आधीच्या व्हॉल्व्हकडून येणारा कागदी कपॅसिटर. तो गळायला लागला की ग्रिडवर नको तो पॉझिटिव्ह व्होल्टेज येतो, व्हॉल्व्हमधून भलताच करंट वाहतो आणि व्हॉल्व्हबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जातो. बाबा हा कपॅसिटर तपासत बसायचे नाहीत, सरळ बदलायचे. तुम्हीही बदला. व्होल्टेज मूळच्याइतकं किंवा त्याहून जास्त क्षमतेचं घ्या, आणि इलेक्ट्रोलिटिकची दिशा उलटी लावू नका. जुन्या इलेक्ट्रोलिटिकचे डबे काढून टाकू नका. त्यांच्या तारा सोडवा, नवे खाली जोडा. वरून सेट नानांनी ठेवला होता तसाच दिसेल.

डायलच्या काचेला पाणी किंवा क्लीनर लावू नका! त्यावरची अक्षरं बऱ्याच सेटमध्ये मागच्या बाजूने छापलेली असतात आणि ओल्या फडक्याने निघून येतात. कोरड्या मऊ ब्रशने फक्त धूळ काढा. आणि झाकणावरच्या यादीचा आधी फोटो काढून ठेवा.

कारागीर:

रेघताईंच्या सांगण्यात एक भर. काही सेटमध्ये मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नसतो, चॅसी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट वीजवाहिनीला जोडलेली असते. अशा सेटच्या नुसत्या चॅसीला किंवा नॉब काढलेल्या उघड्या दांड्याला हात लागला तरी झटका बसतो, जिवावर बेतू शकतं. तुमचा तसला असेल तर स्वतः करू नका, जाणकाराला बोलवा.

ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर पहिल्यांदा वीज देताना सेटच्या सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधूनच सेटला जाईल असा, जुना तारेचा बल्ब लावा, ६० किंवा १०० वॅटचा. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. झगझगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. माझे वडील वायरमन होते. घरी दुरुस्तीला आलेली कुठलीही वस्तू ते आधी या बल्बवर घ्यायचे, मग बोलायचे.

अनवट:

कळवायला उशीर झाला, सामान मिळायला वेळ लागला. ट्रान्सफॉर्मरवालाच सेट निघाला. इलेक्ट्रोलिटिक बदलले, तो कागदी कपॅसिटर बदलला. काल बल्ब लावून वीज दिली. बल्ब उजळला आणि मंद झाला. मग हळूहळू व्हॉल्व्हच्या आत नारिंगी उजेड आला. आई खुर्ची ओढून जवळच बसली होती, तिला लांब बसायला सांगावं लागलं.

बल्ब काढून नेहमीसारखा लावला तेव्हा आधी नुसती खरखर, मग एकदम बोलण्याचा आवाज. आई म्हणाली, "अरे, आवाज कमी कर, शेजारचे झोपले असतील." नानांना रोज हेच सांगायची ती.

आता अडचण अशी की ट्यूनिंगचा नॉब फिरतो पण डायलवरचा काटा जागचा हलत नाही. स्टेशनही बदलत नाही. आत एक तुटलेली दोरी लोंबतेय. आईला यादीतलं तिसरं स्टेशन लावून हवंय.

रेघ:

वा! फार फार आनंद झाला. आईंना माझा नमस्कार सांगा.

दोरी तुटली म्हणजे काळजीचं काही नाही, वेळखाऊ काम आहे एवढंच. जी दोरी उरली आहे ती काढू नका. आधी ती कुठून कुठे जाते, कुठल्या कप्पीवरून कुठल्या दिशेने वळते, ते कागदावर काढून घ्या. गँग कपॅसिटरची, म्हणजे स्टेशन बदलणाऱ्या फिरत्या कपॅसिटरची, पानं पूर्ण एकमेकांत बसवा. त्या वेळी काटा डायलच्या कमी किलोहर्ट्झच्या टोकाला असायला हवा. ट्यूनिंगच्या दांड्याला दोनतीन वेढे लागतात. वेढ्यांची दिशा उलटी झाली तर नॉब उजवीकडे फिरवल्यावर काटा डावीकडे जाईल, तेव्हा तिथे लक्ष द्या. ड्रमच्या, म्हणजे दोरीने फिरणाऱ्या मोठ्या चाकाच्या, आत एक छोटी स्प्रिंग असेल. दोरी बांधल्यावर ती साधारण निम्मी ताणलेली राहिली पाहिजे. पूर्ण ताणली तर दोरी परत तुटते, सैल राहिली तर घसरते.

दांड्यावर तेल पडलेलं असेल तर पुसून काढा, नाहीतर दोरी पकडच घेणार नाही. ड्रमचा दोन्ही बाजूंनी फोटो इथे टाका, वेढे कुठून सुरू करायचे ते बघून सांगते. आणि दोरी साधी नायलॉनची घेऊ नका, ती ताणली जाते. डायलची म्हणून वेगळी विणलेली दोरी मिळते, ती घ्या.